भुताची शपथ

भूत देवाला मानतं, हे मला तीन धर्मांच्या तीन माणसांनी सांगितलं. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती आणि मला खोटं सांगून तिघांनाही काही मिळवायचं नव्हतं. धंद्याने मी मापारी. बाजारात ज्वारीच्या आणि तुरीच्या राशी पायलीने मापून देण्याचं काम आमच्याकडे वडिलांपासून आहे. एका राशीचं माप तीन वेगवेगळ्या हातांनी घेतलं आणि तिन्ही वेळा सारखंच भरलं, तर वाद मिटला असं आम्ही धरतो. त्या रीतीने मला ही गोष्ट खरी धरावी लागली. माझ्या धाकट्या बहिणीचा संसार याच गोष्टीवर टिकायचा होता. तो टिकला नाही. का टिकला नाही एवढंच लिहितो. जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहीन आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

आमचं गाव वाशीमकडच्या मालेगावजवळ. बहीण जऊळक्याच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. सकाळी बैलबंडी जुंपली की ऊन कलायच्या आत तिच्या दारात पोचता येई. घर खाऊनपिऊन सुखी होतं. नवरा शांत, सासू कडक पण न्यायाची. तिला एक मुलगी होती आणि तिच्या पाठीवर एक अंगावर पिणारा मुलगा. मानमोडीच्या तापाच्या साथीत दोन्ही गेली, आधी मुलगी आणि मग मुलगा. त्याच साथीत तिची थोरली जाऊही गेली. त्या जावेचा मुलगा तेवढा घरात उरला.

मुलं तापाने फणफणली होती तेव्हा बहिणीने एकही देव सोडला नव्हता. घरच्या देवीला बोलली, मारुतीला बोलली, रस्त्यावरच्या पिराला बोलली. हे मी पाहिलं आहे, कारण नवसाचे नारळ मीच नेऊन दिले होते.

त्यानंतर तिच्यात झालेला बदल एकदम कोणाच्या लक्षात आला नाही. ती रडत बसत नव्हती. स्वयंपाक करी, कापूस वेचायला जाई, सासूचे पाय दाबी. फक्त संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचं तिने सोडलं आणि हात जोडायचं सोडलं. सासू पहिल्यांदा समजली की विसरली असेल. मग महालक्ष्म्या आल्या. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांचा सण मोठा. सोळा भाज्या, आंबील, सगळं तिनेच रांधलं. आरतीला सगळं घर उभं राहिलं आणि ही चुलीपाशी बसून राहिली. सासूने हाक मारली तर म्हणाली, "तुमी करा. मी इथं बसली आहे."

एवढंच झालं. पण ज्या घरात वर्षभरात तीन माणसं गेली आणि एकच नातू उरला, त्या घरात एवढं पुरतं. सासूला वाटलं, हिच्या अंगात बाहेरचं काही शिरलं आहे, ते हिला देवापुढे उभं राहू देत नाही आणि आता त्याची नजर उरलेल्या पोरावर आहे. तिला मी तेव्हाही वाईट म्हटलं नाही. तिची भीती खरी होती.

दसऱ्याच्या आधीच नवऱ्याने बहिणीला बंडीत घालून आमच्याकडे आणलं. कासरा हातातून न सोडताच तो आमच्या मायला म्हणाला, "मामी, माय म्हनते बाहेरचं आहे. तुमच्याकडून काढून घ्या. मंग मी न्याले येतो."

"अन् नाही निघालं तं?"

"निघन नं. सगळ्याइचं निघते."

काढून घेण्याची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे. भूत अंगात बोलायला लागलं की त्याला विचारायचं, तू कोण, कुठलं, काय पाहिजे. मागेल ते द्यायचं. मग त्याच्याकडून देवाची शपथ घ्यायची, की पुन्हा या बाईच्या वाटेला येणार नाही. ही शपथ सासरच्या दोन माणसांनी कानांनी ऐकायला हवी, तरच सून परत घरात घेतात. माणसाच्या शपथेवर आमच्याकडे कोणी एका दिवसापुरती बैलजोडी देत नाही. भुताच्या शपथेवर मात्र सगळ्यांचा भरवसा असतो. त्याचं कारण वर लिहिलं तेच. भूत देवाला मानतं, म्हणून त्याची शपथ खोटी ठरत नाही.

म्हणजे बहिणीला सासरी परत जायचं तर तिच्या अंगातून काहीतरी निघायला हवं होतं.

पहिल्यांदा गावातला भगत आला. म्हातारा शेतकरी. नारळाशिवाय कोणाकडून काही घेत नसे. त्याने तिला अंगणात पाटावर बसवलं, निंबाच्या पाल्याचा धूर केला आणि तांदळाचे दाणे टाकत एकेका देवाचं नाव घेऊ लागला. नाव घेताना तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. भूत असलं तर आधी अंगठा हलतो, असं त्याने मागे मला सांगितलं होतं. बराच वेळ झाला. बहीण सरळ बसून होती.

"झोप येऊन राह्यली का वं?" भगताने विचारलं.

"नाही बाबा. तुमचं चालू द्या."

त्याने उरलेले दाणे झोळीत परत घातले आणि मायला म्हणाला, "वयनी, हिच्यात कोनी नाही. देवाचं नाव आइकून ज्याचा अंगठा हालला नाही असं भूत म्या उमरीत पाह्यलं नाही. थे आपल्याहून जास्त भेते देवाले. आपुन देव पाह्यला नाही, त्यानं पाह्यला."

"मंग हे दिवा काहून लावत नाही?"

"थे मले नोको इचारू. मी भुताचा भगत आहे, बाईचा नाही."

आमच्या मायचं यावर समाधान झालं नाही. आपल्या देवाला न हलणारं भूत मुसलमानाचं असेल, असं तिच्या मनाने घेतलं. आमच्या भागात हे सरळ आहे. गावापासून दोन कोसांवर एका टेकाडावर पिराचं ठाणं आहे. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, तिथे हिंदूच जास्त जमतात. तिथला मुजावर धंद्याने पिंजारी होता आणि बाजारामुळे माझ्या ओळखीचा होता. सगळे त्याला चाचा म्हणत.

आम्ही गेलो तेव्हा दुपार टळली होती. लोबानाचा धूर होता. मजारीच्या जाळीला धरून बऱ्याच बाया केस मोकळे सोडून घुमत होत्या. त्याला तिथे हाजरी म्हणतात. मी सवयीने बघत होतो. एक बाई घुमता घुमता थांबली, शेजारणीला म्हणाली, "माया लुगड्यावर पाय नोको देऊ," आणि पुन्हा घुमायला लागली. माझी बहीण भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. ती इतकं लक्ष देऊन कशाकडे बघते आहे असं त्या वर्षात मी पहिल्यांदाच पाहिलं.

चाचाने मोरपिसांचा कुंचा तिच्या डोक्यावरून फिरवला, काही पढून फुंकर घातली आणि वाट बघितली. पुन्हा पढलं, पुन्हा वाट बघितली. मग कुंचा बाजूला ठेवून मला म्हणाला, "भाऊ, इथं कोई नई."

"पुरतं पाह्यलं का चाचा?"

"अरे, जिन्न असता तं माया पहिल्या हरफाले उठून उभा राह्यला असता. जिन्न खुदाले मानते. नमाज पढनारे जिन्न बी रायते. आमच्या वस्तीत नमाजाले चार मानसं टायमावर येत नाहीत, जिन्न येते." तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "अन् त्याइचा जो मोठा, शैतान, त्यानं तं खुदाशी समोरासमोर बोलनं केलं. त्यानं आदमापुढे झुकाले नाही म्हनलं. खुदा नाही असं तो कधी बोलला नाही. त्याले मालूम आहे."

मग तो बहिणीपुढे बसला. "बेटी, देवाले हात काहून नाही जोडत?"

"जोडले होते चाचा."

"मंग?"

"तवाच तं गेले दोघं."

"गुस्सा आहे त्याच्यावर?"

"राग असता तं बरं झालं असतं. रागाले कोनी तरी समोर लागते."

आम्ही निघालो तेव्हा चाचा टेकाडाच्या पायथ्यापर्यंत माझ्यासोबत आला. बहीण आणि माय पुढे होत्या. "शैतानाचं काम सोपं आहे," तो म्हणाला. "त्याले गुस्सा आहे, म्हनून त्याच्यावर पढता येते. हिच्यावर पढाले मायापाशी काही नाही."

तिसरा माणूस वाशीमला भेटला. बहीण वाळत चालली होती म्हणून मी तिला तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. औषध देणारा गृहस्थ आमच्याच भागातला होता. मोठ्या दुष्काळात पोरका झालेला आणि मिशनने वाढवलेला. त्याने तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, अंगात रक्त कमी आहे म्हणाला आणि एक कडू औषध बाटलीत भरून दिलं. त्याचं बोलणं मोकळं होतं म्हणून मी त्याला विचारलं, की तुमच्या धर्मात भुताखेतांचं काय सांगतात.

"आहेत म्हणतात."

"देवाले मानतात का थे?"

"मानतात. आमच्याकडे तर असं सांगतात, की देवाचा माणूस गावात आला तेव्हा शहाण्यांनी त्याला ओळखलं नाही, वेड्यांच्या अंगातल्या भुतांनी ओळखलं. मानतात आणि थरथर कापतात." बुच बसवता बसवता तो म्हणाला, "पण मानून त्यांचं काही भलं होत नाही. तेवढं मात्र आहे."

त्याने तिच्यासाठी प्रार्थना करू का असं विचारलं. ती म्हणाली, "करा दादा, तुमाले बरं वाटत असन तं." त्याने डोळे मिटून प्रार्थना केली. ती शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून ऐकत बसली. तिचं अंग जरासुद्धा हललं नाही.

तिन्ही मापं सारखी भरली. मी आनंदात होतो हे लिहायला हवं. मला वाटलं, आता सासूपुढे जाऊन सांगितलं की काम झालं. हिच्यात काही नाही, अशी तीन धर्मांची ग्वाही आहे. दुसऱ्याच दिवशी मी बंडी जुंपली.

सासूने मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे भूत देवाले मानते."

"हो."

"अन् हिच्यात भूत नाही."

"नाही."

"मंग देवाले न माननारं हे कोन होय?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"भूत असतं तं निघालं असतं," ती म्हणाली. "हे कुठून निघनार? देवाले तं भूत बी मानते म्हनता तुमी. मंग हिले मी काय म्हनू अन् कुठं ठेवू?" तिने अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे बोट केलं. "माया घरात एवढंच उरलं आहे बापा. तुमी मायावर राग नोका करू."

नवरा मला वेशीपर्यंत सोडायला आला. बंडीच्या कठड्याला धरून चालत होता. म्हणाला, "दादा, मले थे तशीच चालते. पन घरात नाही चालत. मायनं माहुरच्या वाटेवरची एक पोरगी पाहून ठेवली आहे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "काहीतरी निघालं पायजे. काहीबी निघू द्या."

घरी येऊन मी जसं झालं तसं सगळं सांगितलं. बहीण सुपात तूर घेऊन खडे निवडत होती. तिने मान वर केली नाही. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "शपथ आइकाले कोन कोन येते? सासू येईन का?"

"येईन," मी म्हणालो.

"मंग पुढच्या बेस्तरवारी बोलवा. पिरावर."

माय लगेच पिराला नवसाचा कोंबडा बोलली.

त्या बेस्तरवारी सासू आली, नवरा आला. आम्ही होतोच. बहीण जाळीपाशी जाऊन बसली, अंबाडा सोडला आणि लोबानाचा धूर आला तशी घुमायला लागली. लहानपणापासून मी तिला जात्यावर बसलेलं पाहिलं होतं. ती घुमत होती ती त्याच लयीत, पुढे जाताना जोर आणि मागे येताना सैल. मला तेवढ्यावरून कळलं. चाचाने एकदाच माझ्याकडे बघितलं, त्यालाही कळलं असावं. पण दोन कुटुंबं भोवती बसली होती आणि त्याला रीत पुरी करणं भाग होतं.

"कोन तू?"

"वाटसरीण."

"कुठली?"

"पैनगंगेच्या पल्याडची. साथीत चालता चालता रस्त्यावर मेली."

तिने एक नाव सांगितलं. त्या नावाचं माणूस त्यांच्या गावात मेलेलं नव्हतं आणि आमच्याही गावात नव्हतं. हे तिने ठरवून केलं असणार. कोणा मेलेल्या बाईचं नाव घेतलं असतं तर त्या घरच्या लेकीबाळींना पुढे जड गेलं असतं.

"काय पायजे तुले?"

आमच्याकडे भुतं बहुतेक कोंबडं मागतात, नाहीतर लुगडं. ती म्हणाली, "दोन अंगडी. एक लहान, एक त्याहून लहान."

सासूने पदर तोंडाला लावला. आमच्या मायलाही हुंदका आला. नवरा उठून खांबाआड गेला.

"देईन," चाचा म्हणाला. "आता सांग. खुदाले मानतं का?"

बहिणीचं घुमणं थांबलं. केस तोंडावर होते, त्यातून मला तिचा एकच डोळा दिसत होता. आत्तापर्यंतचं सगळं तिने सहज केलं होतं. नाव, गाव, अंगडी. आता ती नुसती बसली होती. शेजारच्या बायांचंही घुमणं मंद झालं. मला वाटलं ती उठणार, अंबाडा बांधणार आणि घरी चला म्हणणार. सासू पुढे सरकली होती. तिला हेच ऐकायचं होतं.

चाचाने पुन्हा विचारलं, पण या वेळी आवाज खाली आणून, जसा तिला एकटीला विचारत असावा. "मानतं का?"

"मानते," ती म्हणाली.

माप अपुरं आहे हे दिसत असूनही शेतकरी कधी कधी पोत्याला टाका घालून घेतो. संध्याकाळ झालेली असते, वाद घालायला बळ उरलेलं नसतं. तिचं तोंड तसं होतं.

मग शपथ झाली. चाचाने तिच्या केसांची एक बट कापली आणि आवारातल्या निंबाला खिळ्याने ठोकली. त्या निंबाला असे खूप खिळे होते. सासूने तिला छातीशी धरलं आणि तिथूनच बंडीत घालून घरी नेलं. चाचा हातोडी पुसत माझ्याजवळ आला. "शपथ मायासमोर झाली," तो म्हणाला. "कोनाची झाली थे खुदाले मालूम."

पुढचे काही महिने बरे गेले. भाऊबीजेला मी गेलो तेव्हा तुळशीपाशी दिवा होता आणि तो तिनेच लावला होता. सासू तिला नावाने हाक मारत होती. मी निघताना विचारलं, "बरं आहे नं?"

"बरं आहे. भूत गेलं नं," ती म्हणाली आणि थोडी हसली. तिचं ते हसू मला चांगलं आठवतं.

याच्यापुढचं, ती आमच्याकडे परत येईपर्यंतचं, मी ऐकलेलं आहे, तिच्या नवऱ्याच्या तोंडून.

माघात जावेच्या मुलाला हिवताप आला. त्या दिवशी बहीण गोठ्याच्या उंबऱ्यावर एकटी बसली होती. असं ती पूर्वीही बसे. पण पूर्वी ती बसली तर सून बसली आहे असं लोक म्हणत. आता त्या घराला आणखी एक नाव माहीत झालं होतं. सासू तिच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "कोन बसलं आहे? आमची सून का थे वाटसरीण?"

ती काही बोलली नाही. दमली असेल. पण न बोलण्याचा अर्थ त्यांच्याकडे ठरलेला होता.

मुलगा चार रोजांत बरा झाला. तरी त्यांनी तिला एका दूरच्या भगताकडे नेलं. त्याने आधी विचारलं, की पूर्वी कुठे हाजरी झाली होती का. झाली होती. शपथ झाली होती का. झाली होती, आम्ही दोघांनी ऐकली. हे ऐकल्यावर त्याने पुढ्यातलं फडकं गोळा केलं. म्हणाला, "देवाची शपथ मोडून परत आलेलं भूत मी हातात घेत नाही. जे देवाले मानत नाही त्याले मी कशानं बांधू?" आणखी एकाकडे नेलं. तोही तेच म्हणाला.

नवरा तिला आमच्या अंगणात सोडून गेला. तिच्या गाठोड्यात ती दोन अंगडी होती. पिरावर वचन दिलं गेलं म्हणून सासूने शिवून घेतलेली, कोरी.

मी त्यांच्याकडे गेलो आणि पहिल्यांदाच खरं ते उघड सांगितलं. भूत कधी नव्हतंच. परत यायला मिळावं म्हणून तिने सोंग घेतलं होतं.

"मंग शपथ कोनं घेतली?" सासूने विचारलं.

"तिनंच घेतली."

"म्हंजे देवाची शपथ खोटी घेतली?"

यावर मी हो म्हणालो असतो तरी दार बंद होतं आणि नाही म्हणालो असतो तरी बंदच होतं. मी उठून आलो.

चाचाला हे कळलं तेव्हा तो स्वतः त्यांच्याकडे गेला. मी सोबत होतो. आपल्या ठाण्याचं नाव जाईल याची त्याने फिकीर केली नाही. त्याने सरळ सांगितलं, की बाईच्या अंगात कोणी नव्हतं, हे मला त्या दिवशीच ठाऊक होतं. त्यांनी त्याला गूळपाणी दिलं. सासू हात जोडून म्हणाली, "चाचा, तुमी देवमानूस. पन जे शपथेले भेलं नाही थे तुमाले भेन का? थे आता तुमच्याच तोंडातून बोलून राह्यलं. लपाचं असलं का भूत असंच म्हनते, मी नाही."

परतताना बंडीत, गाव दिसायला लागल्यावर, चाचा म्हणाला, "पहिल्या दिवशी कोनी नव्हतं, तवा मायापाशी पढाले काही नव्हतं. आता त्याइनं एक ठेवून देल्लं आहे. त्याच्यावर बी मायापाशी काही नाही."

त्या उन्हाळ्यात माहुरच्या वाटेवरची मुलगी त्या घरात आली. तिला मुलं झाली. घर सुखात आहे असं ऐकतो.

याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. बहीण आमच्याकडेच आहे. माय गेली, चाचा गेला. पिराच्या निंबाच्या सालीने जुने खिळे गिळून टाकले आहेत, तिच्या केसांची बट नेमकी कुठे होती ते मला दाखवता येणार नाही. आमच्या घरात तिच्याइतकं काम कोणी करत नाही. पण गावातल्या बाया बाळंतिणीच्या घरी तिला बोलावत नाहीत. तिला येताना बघून लेकरं आत घेतात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला कोणी हाक मारत नाही. शपथ मोडून आलेल्या भुताची ही भगतांकडून आलेली गोष्ट आहे, ती सगळीकडे पोचली आहे. साध्या भुताला लोक एवढे भीत नाहीत, त्याला बांधता येतं. संध्याकाळी दिवा माझी बायको लावते. बहीण तेव्हा उठून गोठ्याकडे जाते, म्हणजे बाकीच्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

मी देवाला हात जोडतो. लहानपणापासूनची सवय आहे. पण जोडताना मनात येतं, की मी मानतो, भगत मानत होता, चाचा मानत होता, दवाखान्यातला तो गृहस्थ मानत होता, आणि तिघांच्या सांगण्याप्रमाणे सगळी भुतंही मानतात. या सगळ्या मानण्याची बेरीज करून माझ्या बहिणीच्या पदरात काय पडलं, ते मला काढता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. ती तूर पाखडत होती, मी पायलीने मापून पोत्यात ओतत होतो. ती सूप थांबवून म्हणाली, "दादा, त्या दिवशी पिरावर चाचानं इचारलं, मानतं का. आठोते?"

"आठोते."

"मी ठरवून गेलती. नाव सांगीन, गाव सांगीन, अंगडी मांगीन. पन थे एक म्हननार नव्हती. उठून येनार होती मी."

मी पायली हातात धरून थांबलो.

"उठाचं म्हनून पायाले जोर बी देल्ला होता. अन् तोंडातून निघालं, मानते." तिने माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारचा भाव विचारावा तसा. "मी तं म्हनलं नाही. मंग थे कोन म्हनलं?"

इतकी वर्षं आख्ख्या तालुक्यात एक माणूस असं होतं ज्याला आतून पक्कं ठाऊक होतं की तिच्यात कोणी नव्हतं, आणि ते म्हणजे ती स्वतः.

"तूच म्हनली," मी म्हणालो. "मी समोर होतो."

"तुमाले कसं समजन," ती म्हणाली. "थे तं माया तोंडानंच बोलते."

सुपातला कचरा तिने दाराबाहेर टाकला आणि पुढची तूर ओतून घेतली.